ज्याचं त्याचं फुलपात्र

सकपाळबाई आठवतात त्या हातात खडू आणि काखेत छत्री अशा. छत्री त्या बारा महिने बाळगत. तिच्या टोकाने फळ्यावरची अक्षरं दाखवत, आणि त्याच टोकाने डुलक्या काढणाऱ्याला टोचत. नाव शेवंती. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत धोंडूदादाकडे, म्हणजे धाकट्या भावाकडे राहत आणि म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत दुसरीला शिकवत. त्यांनी लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारायची आमच्या चाळीत कोणाची छाती नव्हती. विचारलं तर बाई खरं उत्तर देतील, हीच भीती.

आमची चाळ रस्त्याच्या अलीकडे, त्यांची पलीकडे. अलीकडे आम्ही कोकणातली गिरणीवाली माणसं. पलीकडच्या ज्या इमारतीत बाई राहत, तिथली बरीच घरं छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली होती. मधला रस्ता काही फार रुंद नव्हता. मोर्चा निघाला की दोन्हीकडची माणसं त्याच रस्त्यावर उतरत, त्याच घोषणा देत आणि पोलिसांच्या लाठ्याही सारख्याच खात. मोर्चा संपला की आपापल्या बाजूला जात.

त्या वेळी सरकारी नियमाने इंग्रजी आठवीपासून होतं. म्हणजे गिरणगावातलं पोर मिसरूड फुटेपर्यंत ए-बी-सीचं तोंड बघत नसे, आणि बघितलं की नापास होत असे. बाई स्वतः मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटल्या होत्या. तिसऱ्या खेपेला सुटल्या, पण तो अपमान त्या विसरल्या नव्हत्या. 'आठवीत पहिल्यांदा इंग्रजी बघून माझी मुलं घाबरता कामा नयेत,' एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. त्यासाठी तिसरी-चौथीच्या मुलांचा एक वर्ग त्यांना काढायचा होता. मुलंही दोन्ही बाजूंची हवी होती आणि एकाच सतरंजीवर बसलेली हवी होती. सतरंजीचं त्या मोठ्याने बोलत नसत, पण ते ठरलेलं होतं.

अडचण जागेची. दहा बाय दहाच्या खोलीत जिथे माणसं पाळीपाळीने झोपतात, तिथे वर्ग कुठे भरवणार? जागा मिळाली ती आमच्या गावकीच्या खोलीत. गावकीची खोली म्हणजे एका गावच्या गिरणीकामगारांनी मिळून घेतलेलं बिऱ्हाड. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीत एक खुंटी. सकाळी पहिल्या पाळीची माणसं कामावर गेलेली असत आणि रात्रपाळीहून आलेली माणसं आंघोळ आटपून खाणावळीत जेवायला बसलेली असत. तेवढा एक तास खोली रिकामी असे. गावकरी मंडळाचे चिटणीस बाबुराव परब यांनी तो तास बाईंना दिला. दिला तो बाईंकडे बघून नव्हे. छप्पन सालच्या संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात बाबुराव आणि धोंडूदादा ठाण्याच्या तुरुंगात एकाच बराकीत होते, शेजारी शेजारी झोपत होते, एकमेकांच्या विड्या ओढत होते. त्या दोस्तीखातर दिला.

फळा मंडळाचाच. वरच्या अर्ध्या भागावर बाबुराव समितीच्या सभेची जागा आणि वेळ लिहून ठेवत आणि खाली बजावत, 'पुसू नये'. उरलेल्या अर्ध्यात बाई आम्हांला इंग्रजी शिकवत. मी त्या वर्गात होते. मी, मीनाक्षी, तिसऱ्या मजल्यावरची. माझ्या शेजारी शैला, तिच्या शेजारी पलीकडच्या चाळीतली लतिका, मागे आमच्याच चाळीतला रामदास आणि बाकीची सेना.

अक्षरं झाली, साधे शब्द झाले, आणि मग बाई त्या बारीकशा चिन्हापाशी आल्या जे इंग्रजीत नावाच्या डोक्यावर बसतं आणि अमकं तमक्याचं आहे असं सांगतं. त्याचं खरं नाव त्यांनी आम्हांला एकदाच सांगितलं. कोणाच्या जिभेला ते वळेना, तेव्हा त्या म्हणाल्या, "मरू दे. ही खुंटी समजा." छत्री उचलून त्यांनी भिंतीवरच्या खुंट्या दाखवल्या. "आधी माणसाचं नाव लिहायचं. मग वर खुंटी ठोकायची. मग एस. आणि मग त्या खुंटीला त्याची वस्तू टांगायची. रामदास, ती टोपी कोणाची?"

"दत्तारामकाकांची."

"इंग्रजीत बोल."

"दत्तारामकाकाज कॅप," रामदास म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो, कारण दत्तारामकाकांची ती तेलकट टोपी इंग्रजी झाल्यावर भलतीच रुबाबदार वाटायला लागली होती.

खुंट्या दोन दिवसांत संपल्या. ट्रंकाही संपल्या. मुलांच्या स्वतःच्या वस्तू काढाव्यात तर पाटी आणि पेन्सिल यापलीकडे कोणाकडे काही नव्हतं. मग बाईंनी सांगितलं, "उद्या घरातलं एकेक भांडं आणा. नाव घातलेलं."

आपल्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव घालतात. लग्नात आलेलं, बारशात आलेलं, मामाने दिलेलं, सगळ्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं असतं, कोणाचं आणि कोणाकडून. बाईंच्या खुंटीसाठी याहून सोयीची वस्तू दुसरी नव्हती. मी वाटी नेली. लतिकाने पेला आणला, त्यावर तिच्या आजोबांचं नाव. शैलाने आणला पितळी तांब्या. तो तिच्या आईचा, राधाबाईचा. लग्नात राधाबाईच्या आईने दिलेला, आणि राधाबाईची आई त्यानंतर महिनाभरात गेली होती. नाव वाचायचं, इंग्रजीत कोणाचं ते सांगायचं आणि भांडं शेजाऱ्याच्या हातात द्यायचं, असा बाईंचा खेळ. भांडी सतरंजीवर फिरत राहिली. तांब्या फिरत फिरत लतिकाच्या हातात आला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. खोलीच्या कोपऱ्यात गावकीचं पिण्याच्या पाण्याचं पिंप होतं. आम्ही अलीकडची मुलं तहान लागली की त्यातून पाणी घेत असू. पलीकडची मुलं त्या खोलीत पाणी मागत नसत, वर्ग सुटल्यावर घरी जाऊन पीत. तसं कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं.

त्या दिवशी बाई दाराशी कोणाशी तरी बोलत होत्या. लतिका तहानली होती, हातात तांब्या होता, आणि खेळाच्या नादात ती उठली, पिंपात तांब्या बुडवला आणि तोंड लावून घटाघटा प्यायली. उरलेलं शैला प्यायली. मग आणखी कोणी कोणी. बाई वळल्या तेव्हा तांब्या रिकामा झाला होता. त्यांनी तो बघितला, पिंपाकडे बघितलं आणि पुढचं वाक्य विचारलं.

शैलाने घरी जाऊन मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं. तिची आजी खाणावळ चालवत असे, सून राधाबाई तिच्या हाताखाली. गावकीची सगळी माणसं तिथेच जेवत. म्हातारीने ऐकलं आणि तवा चुलीवर तसाच ठेवून ती उठली. "ह्या चेडवाक अक्कल नाय," ती शैलाकडे बोट करून राधाबाईला म्हणाली, "पण तुका तरी आसा मां? तांब्यो भायर ठेव. घरात हाडू नको." राधाबाईने तांब्या गॅलरीत ठेवला. संध्याकाळपर्यंत गावकीचं पिंप ओतून, घासून पालथं घातलं गेलं होतं, आणि गॅलरीतला तांब्या म्हातारीने भांडीवाल्याला मोडीत देऊन टाकला होता. राधाबाई भाकऱ्या थापत होती. तिने मान वर केली नाही, असं माझी आई सांगायची. माझी आई हे कौतुकाने सांगायची.

दुसऱ्या दिवशी बाबुराव वर्गात आले. आम्हांला त्यांनी बाहेर घालवलं, पण खोलीला खिडकी होती आणि आम्हांला कान होते.

"बाई, मला स्वतःला काय नाय," बाबुराव म्हणाले. अशी सुरुवात झाली की पुढे काय येणार ते मला आता कळतं, तेव्हा कळत नव्हतं. "पण खोली गावाची. रात्रपाळीवाले बोलायला लागले, पिंपाला हात लावत नाय. तुम्ही एवढंच करा. पालकांना बोलवू, तुम्ही सांगा की नजरचुकीने झालं. एक वाक्य. वर्ग तुमचा चालू."

नजरचुकीनेच झालं होतं. बाईंनी मुद्दाम काही केलं नव्हतं, हे त्या म्हातारपणी मलाही म्हणाल्या. पण त्या दिवशी त्या बाबुरावांना म्हणाल्या, "मुलगी तहानली होती, पाणी प्यायली. यात चूक कुठली ते मला समजावून द्या, मी माफी मागते."

बाबुरावांनी कोपऱ्यातल्या पिंपाकडे बघितलं.

"ठाण्याच्या तुरुंगात तुम्ही आणि धोंडू एकाच मगाने पाणी पीत होतात. धोंडूच सांगतो."

"तुरुंग वेगळा, बाई," बाबुराव अगदी काकुळतीला येऊन म्हणाले. "तिथे बायका नव्हत्या."

बाई हसल्या. मला वाटतं, त्या हसल्या नसत्या तर बाबुरावांना बरं वाटलं असतं.

वर्ग बंद पडला. बाई शाळेत जाताना रस्त्याच्या पलीकडून जात, आमच्या चाळीकडे बघत नसत. आम्हांला सकाळी झोपायला मिळत होतं म्हणून आम्ही खूश होतो. पण बाबुराव माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. त्यांना बाईंचा वर्ग हवा होता, धोंडूदादाशी दोस्ती हवी होती आणि गावकीत शांतताही हवी होती. तिन्ही जमेल अशी युक्ती त्यांनी काढली आणि आनंदाने बाईंच्या घरी गेले. मंडळ सगळ्या मुलांना एकेक फुलपात्र देणार, चांगलं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं. अलीकडच्यांना आणि पलीकडच्यांना सारखंच, भेदभाव नाही. प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव, आणि नाव इंग्रजीत, बाईंच्या खुंटीसकट! पाणी रामदास ओगराळ्याने वरून ओतेल. "पाण्याचा प्रश्न मिटला आणि शिकवणं पण झालं," बाबुराव म्हणाले.

धोंडूदादा त्या क्षणी उठून बाहेर गेला. बाई बसून राहिल्या. त्यांनी काय विचार केला ते त्यांनीच मला पुढे सांगितलं: नाही म्हणावं तर सकाळचा तास गेला, आणि तास गेला तर ही सगळी पोरं आठवीत आपल्यासारखीच आपटणार. हो म्हणावं तर निदान सतरंजी एक राहील. त्या हो म्हणाल्या. एवढंच नाही, भांड्यांवर नावं घालणाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं म्हणून सगळी नावं त्यांनी स्वतः मोठ्या अक्षरांत कागदावर काढून दिली. प्रत्येक नावाच्या डोक्यावर खुंटी. त्याने छिन्नीने ती हुबेहूब उतरवली.

फुलपात्रं वाटली त्या दिवशी आम्हांला कोण आनंद झाला होता! आपलं नाव, तेही इंग्रजीत, तेही चकचकीत भांड्यावर. लतिका तर ते उशाशी घेऊन झोपायची. बाईंनाही एक मिळालं. बाबुराव टाळ्या वाजवत होते. त्यानंतर त्या खोलीत बाईंना मी कधी पाणी पिताना बघितलं नाही, फुलपात्रातूनही नाही. तासभर बोलून त्यांचा घसा बसायचा, पण घरी जाईपर्यंत त्या थांबायच्या.

वर्ग मात्र झकास चालला. खुंटी आम्हांला अशी पक्की झाली की झोपेतही चुकणार नाही. पुढच्या मुलांना मागची मुलं शिकवायला लागली. बाईंचं नाव झालं. सातरस्त्याहून कोणी कोणी आपली मुलं घेऊन यायला लागले. खोली पुरेना. बाई खूश असाव्यात असं सगळ्यांना वाटत होतं.

साठ सालच्या मे महिन्याची पहिली तारीख. महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. शाळांना सुट्टी लागली होती, पण गावी जाणारी माणसं त्या दिवसासाठी थांबली होती. आमच्या चाळीच्या चौकात गुढ्या, पताका, ताशा. पलीकडच्या चाळीला मानाने बोलावलं होतं. तुरुंगात दोन्हीकडची माणसं गेली होती ना. धोंडूदादाला हार घातला. खाणावळीने कैऱ्यांचं पन्हं केलं होतं, हे एवढं मोठं पातेलं, आणि राधाबाई पळीने वाढत होती. मोठ्यांसाठी मंडळाने पेले मागवले होते.

मुलांना रांग लावायला सांगितलं. कोणी काही बोलायच्या आत आम्ही सगळी मुलं जिन्यांवरून धावलो, रस्त्यापलीकडची पलीकडे धावली, आणि आपापलं फुलपात्र घेऊन आलो. कोणी सांगितलं नव्हतं. नाव असलेली बाजू समोर धरून आम्ही उभे राहिलो. बाई धोंडूदादाच्या शेजारी उभ्या होत्या. रांगेकडे त्या बघतच राहिल्या.

कौसल्या म्हणून एक चिमुरडी होती, रामदासची धाकटी बहीण. वर्गातली नव्हती, तिच्याकडे फुलपात्र नव्हतं. ती पातेल्यापाशी येऊन रडायला लागली. लतिकाने आपलं पन्हं संपवलं होतं. तिने आपलं रिकामं फुलपात्र पुढे केलं, "हे घे माझं."

तेव्हा शैलाने लतिकाचा हात बाजूला केला. ती रागावली वगैरे नव्हती. बाई धडा विचारतात तेव्हा जसं बोलायचं असतं तसं ती कौसल्याला खणखणीत आवाजात म्हणाली, "नो, कौसल्या! धॅट इज लतिकाज कप!"

चौकात एकदम हशा पिकला आणि टाळ्या पडल्या. चौथीतली गिरणीवाल्याची पोर, आणि केवढं फाडफाड इंग्रजी! "बाई, बघा, बघा तुमची विद्यार्थीण!" बाबुराव ओरडले. ते मनापासून खूश होते. लतिकाने हात मागे घेतला. तीही टाळ्या वाजवत होती, फुलपात्र काखेत धरून.

टाळ्या न वाजवणाऱ्या दोनच बायका होत्या. एक बाई. दुसरी पळी हातात धरून पातेल्याच्या मागे उभी असलेली राधाबाई.

"मीच शिकवलं होतं," बाई मला म्हाताऱ्या झाल्यावर म्हणाल्या. "दोन वर्षं घासून घेतलं होतं. एकाचाही उच्चार चुकत नव्हता. मला त्या दिवशी स्वतःची जेवढी किळस आली तेवढी मॅट्रिक नापास झाल्यावरही आली नव्हती."

सुट्टी असली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तास झाला. तो संपल्यावर बाईंनी सगळ्यांकडून फुलपात्रं मागून घेतली, सतरंजीत बांधली आणि ते गाठोडं बाबुरावांच्या दारात नेऊन ठेवलं. म्हणाल्या, "उद्यापासून पाणी एकाच भांड्याने. नाहीतर खोली तुमची तुम्हांला."

बाबुरावांनी पुष्कळ समजावलं. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललंय, आता महाराष्ट्र पण झाला, आता कशाला? बाई ऐकून घेत होत्या. शेवटी बाबुराव म्हणाले, "मग माझा नाइलाज आहे." या खेपेला बाई हसल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी वर्ग रस्त्यापलीकडे भरला, त्यांच्या इमारतीच्या पायऱ्यांसमोर उघड्यावर. भिंतीला टेकवलेला एक पत्रा, त्यावर खडूने लिहिलेलं. शेजारी एक माठ आणि त्यावर एकच पेला. लतिका आणि तिकडची मुलं बसली होती. आमच्या चाळीतून कोणी गेलं नाही. मलाही पाठवलं नाही. आम्ही सगळे गॅलरीत कठड्याला टेकून बघत होतो, मी आईच्या शेजारी. खाली रात्रपाळीवाले जेवायला खाणावळीत शिरत होते.

तेवढ्यात राधाबाई बाहेर आली. हाताला पीठ तसंच. शैलाचा हात धरून ती रस्ता ओलांडून गेली, आणि मागून म्हातारीच्या हाका. राधाबाईने वळून बघितलं नाही. तिने शैलाला लतिकाच्या शेजारी बसवलं. बाईंशी ती काही बोलली नाही. माठातलं पाणी तिने पेल्यात घेतलं आणि आधी लतिकाच्या हातात दिलं. लतिकाने बाईंकडे बघितलं. बाईंनी मानेनेच हो म्हटलं. लतिका अर्धं प्यायली. उरलेला पेला राधाबाईने शैलाच्या तोंडाला लावला आणि ती शेवटच्या थेंबापर्यंत पिईस्तोवर धरून ठेवला.

मग तिने वर आमच्या गॅलरीकडे बघितलं. तिन्ही मजल्यांवर माणसं उभी होती. जेवायला निघालेले खालीच थांबले होते, आत जावं की नाही या विचारात. आयुष्यात पहिल्यांदाच मी राधाबाईचा आवाज एवढा मोठा ऐकला.

"काय बघतास गो?" ती ओरडली. "माझा चेडू पाणी पियाला!"

आईने मला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं.